पुस्तक पोचवणारे हात

शके १३७० मध्ये, म्हणजे इसवी सन १४४८ च्या आसपास, केशवाचार्यानं उत्तर कोकणातल्या राजघराण्यांची आणि इथे येऊन वसलेल्या कुळांची हकीकत लिहून ठेवली. पुढे आणखी काही हातांनी तिच्यात भर घातली, काही भाग पद्यात रचला, आणि 'महिकावतीची बखर' म्हणून ती ओळखली जाऊ लागली. छापून लोकांच्या हाती आली ती १९२४ साली, इतिहासाचार्य राजवाड्यांनी संपादून तिला प्रस्तावना लिहिली तेव्हा. मधे गेली पावणेपाचशे वर्षं. बखरीतली महिकावती म्हणजे मुंबईचं माहीम की पालघरजवळचं आमचं केळवे-माहीम, यावर अभ्यासक बोलत राहतात. आमच्या गावात महिकावतीचं देऊळ आहे, त्यामुळे गावाला हा प्रश्न पडत नाही.

मला बखरीतला इतिहास जेवढा भावतो तेवढीच ही पावणेपाचशे वर्षं भावतात. लिहिणारा लिहून गेला. पोचवणारा भेटेपर्यंत मजकूर कुठल्या तरी बासनात पडून राहिला. लिहिणं एकाचं आणि पोचवणं दुसऱ्याचं, ही वाटणी आपल्याकडे किती जुनी आहे ते माझा स्वतःचा कवितासंग्रह निघाल्यावर माझ्या ध्यानात आलं. गेल्या बारा-तेरा वर्षांचा हा मागोवा त्याच अंगानं घेतो आहे.

२०१३ च्या एप्रिलमध्ये विरारची लोकल डहाणूपर्यंत धावू लागली. पुढच्या वर्षी १ ऑगस्टला ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला. त्याच सुमारास माझ्या कविता वहीतून बाहेर पडायला लागल्या. आधी दिवाळी अंकांत, मग पालघर-डहाणूच्या छोट्या संमेलनांत, मग पुस्तकात. पुस्तक झालं आणि कविता आटली. कविता का आटली म्हणून विचारणाऱ्यांना मी बरीच वर्षं एकच ठरलेलं उत्तर देत होतो: वेळ कुठे मिळतो? हे उत्तर कुणालाही पटतं. मराठी कवितेचा इतिहास मात्र त्याच्या विरोधात साक्ष देतो.

माझ्या वेळेचा हिशेब साधा आहे. नोकरी बोईसरला, तारापूर एमआयडीसीत, स्टोअर खात्यात. माहीमहून शेअर रिक्षानं पालघर स्टेशन, तिथून गाडी. पालघर आणि बोईसरच्या मधे फक्त उमरोळी. एवढ्या अंतरात बसायला जागा मिळत नाही, पण दारापाशी उभं राहून ओळ सुचायला ते पुरतं. सुचलेली ओळ बोईसरच्या पुलावरून उतरेपर्यंत जपायची. मग गेटपास, चलनं, आलेल्या ड्रमांची मोजणी, बॅच नंबर तपासून रजिस्टरला नोंद. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या ड्रमच्या झाकणावर पाणी साचतं. झाकणाला काठ असतो म्हणून ते वाहून जात नाही. त्यावर तेलाचा पातळ तवंग येतो आणि ऊन पडलं की त्यात जांभळा, हिरवा, पिवळा असे रंग फिरायला लागतात. खाली काय भरलंय ते लेबलवर लिहिलेलं असतं, त्यावर कवटीचं चित्र असतं, आणि वर हे इंद्रधनुष्य. संग्रहातली माझी मला सगळ्यात आवडती कविता या झाकणावरची आहे. मोजणी संपवून, सह्या घेऊन, डबा खाताना लिहिलेली.

सुट्टीच्या दिवशी वाडी. केळवे-माहीमच्या वाड्यांत नारळ-सुपारीबरोबर खाऊच्या पानांचे वेल असतात, आणि पानवेल हे लाडावलेलं प्रकरण आहे. पाणी चुकवून चालत नाही, खुडणी पुढे ढकलून चालत नाही. खुडलेलं पान निवडायचं, मोजायचं, ओल्या फडक्याखाली राखायचं, आणि कोमेजायच्या आत गाडीला घालायचं. शिवाय आईची औषधं, मुलीची दहावी, लग्नसराई, गावकीची बैठक. हे सगळं मी व्यवधानांच्या खात्यावर मांडत असे. पण संग्रहातल्या निम्म्याहून अधिक कविता याच खात्यातून आल्या आहेत. ती कामं वेळ घेत होती आणि बदल्यात काहीतरी देतही होती.

मोठ्यांच्या बाबतीत वेगळं काय होतं? चिंतामण त्र्यंबक खानोलकर कुडाळला घरची खानावळ सांभाळत होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांची जेवणं, उधारी, वाणसामान यांच्या धबडग्यात आरती प्रभू हे नाव जन्मलं. १९५४ साली 'सत्यकथा' मासिकानं त्यांची कविता छापली आणि कुडाळबाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता लागला. 'जोगवा' हा संग्रह १९५९ मध्ये आला. मर्ढेकर आकाशवाणीत अधिकारी होते. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक. महानोरांच्या 'रानातल्या कविता' १९६७ साली आल्या, त्या पळसखेडच्या शेतात काम करणाऱ्या माणसाच्या होत्या आणि पुढेही तो माणूस शेतातच राहिला. आपल्याकडे कवितेवर पोट भरलेला कवी शोधावा लागतो. नोकरी आणि संसार कवितेच्या मुळावर आले असते, तर मराठीत कविता उरलीच नसती.

मग बदललं काय? या सगळ्यांना पुस्तक पोचवायला दुसरं कुणीतरी होतं.

केशवसुत १९०५ मध्ये हुबळीला प्लेगनं गेले. मास्तरकीच्या तुटपुंज्या पगारात आयुष्य गेलं आणि हयातीत एकही संग्रह निघाला नाही. 'केशवसुतांची कविता' १९१७ साली निघाली ती हरी नारायण आपट्यांनी काढली. आपटे स्वतः कादंबरीकार, 'करमणूक'चे संपादक, हाताशी कामांचा डोंगर. तरी दुसऱ्याच्या कविता गोळा करणं हे त्यांनी आपलं काम मानलं. बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. त्यांनी शेतात आणि जात्यावर रचलेलं, घरातल्यांनी उतरवून घेतलेलं बाड मुलानं, सोपानदेवांनी, आचार्य अत्र्यांपुढे ठेवलं आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' बाहेर आली. सोपानदेव स्वतः नाव असलेले कवी. आज त्यांचं नाव आईच्या मागोमाग येतं, आणि याचा त्यांना विषाद वाटला असेल असं मला वाटत नाही. 'गोलपिठा'ला १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती. नामदेव ढसाळांच्या कवितेला शिफारशीची गरज नव्हती, पण ज्या वाचकानं गोलपिठ्याची वस्ती पाहिलीच नव्हती त्याला दारापर्यंत आणून सोडणारं कुणीतरी लागत होतं.

कवींनी कवींसाठी केलेलं काम तर याहून मोठं आहे. पुण्यात १९२३ मध्ये रविकिरण मंडळ जमलं. माधव ज्युलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. आणि मनोरमा रानडे ही मंडळी एकमेकांच्या कविता ऐकत, त्यांवर वाद घालत आणि पुस्तकंही मंडळाच्या नावानं काढत. यशवंत-गिरीश कविता गाऊन म्हणत, त्यामुळे पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसलेल्यापर्यंतही कविता जाई. नंतर विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी कित्येक वर्षं गावोगाव एकत्र काव्यवाचन केलं. तिघांची प्रकृती वेगळी, राजकारण वेगळं, आवाजही वेगळा. बापटांसाठी आलेला श्रोता विंदांना ऐकून जाई आणि विंदांसाठी आलेला पाडगावकरांना. प्रत्येक जण नकळत उरलेल्या दोघांचा प्रचारक होता. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली आणि नवशिक्यांना ती पोस्टानं पाठवत राहिले.

अरुण कोलटकरांचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. जाहिरातीच्या धंद्यातला हा नावाजलेला कलादिग्दर्शक. लोकांच्या मनात वस्तू कशी उतरवायची हे त्यांना पगारी माहीत होतं. ही विद्या स्वतःच्या कवितेसाठी त्यांनी वापरली नाही. 'अरुण कोलटकरच्या कविता' १९७७ साली आल्या आणि त्यानंतर मराठी संग्रहासाठी वाचकाला पंचवीसहून अधिक वर्षं थांबावं लागलं. २००३ मध्ये 'चिरीमिरी' आणि 'भिजकी वही' आल्या, सप्टेंबर २००४ मध्ये ते गेले, आणि 'भिजकी वही'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो त्यानंतर. एवढी निवांत बैठक परवडली, कारण शेजारी 'प्रास प्रकाशना'चे अशोक शहाणे होते. काळजीनं छापणारा आणि घाई न करणारा मित्र लाभणं हीसुद्धा एक मिळकतच.

आता माझ्या पुस्तकाकडे येतो. प्रकाशक भला माणूस. त्यानं फोनवर आडपडदा न ठेवता सांगितलं, "साहेब, कविता आहे, दुकानदार ठेवत नाही. तीनशे काढू. दीडशे तुम्ही उचला." आज महाराष्ट्रात बहुतेक पहिले संग्रह याच वाटेनं निघतात. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं नवलेखक अनुदान आहे, पण त्याला थांबायची तयारी लागते आणि नवा कवी घायकुतीला आलेला असतो. वाडीतल्या पंपासाठी बाजूला काढलेले पैसे मी प्रकाशकाकडे पाठवले. "अहो, आणि पंप?" एवढंच बायकोनं विचारलं. दीडशे प्रती टेम्पोतून आल्या आणि पलंगाखाली गेल्या.

प्रकाशन पालघरला झालं. पाहुणे मुंबईहून यायचे होते, गाड्यांच्या गोंधळात ते उशिरा आले, तोवर सूत्रसंचालकानं स्वतःच्या चारोळ्यांवर सभागृह सांभाळलं. पुस्तक आपण गाडीत चाळलं हे पाहुण्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं आणि पुढे कोकणच्या निसर्गावर छान बोलले. संग्रहात निसर्ग कमी आणि ड्रम जास्त आहेत, पण शाल-श्रीफळ घेताना असं काही बोलायचं नसतं. नातेवाईकांनी बारशाच्या पेढ्यासारखं पुस्तक हक्कानं मागितलं. पेढ्याचे पैसे कुणी देतं का?

त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत मी कविता सोडून कवितेशी संबंधित सगळं केलं. अभिप्रायासाठी प्रती पोस्टानं पाठवल्या. पुरस्कारांच्या प्रवेशिका भरल्या. कुठे चार प्रती मागत, कुठे प्रतींसोबत शुल्कही. ग्रंथालयांच्या खरेदी यादीत पुस्तक लागावं म्हणून अर्ज केले. कविसंमेलनांना गेलो. तिथे कवी मंचावरही असतो आणि समोरच्या खुर्च्यांवरही, आणि आपली कविता झाली की त्याला गाडीची वेळ आठवते. "फक्त एकच कविता, तीही छोटी," असं माईकवरून बजावलं जातं. साहित्य संमेलनाच्या कविकट्ट्यावर तर वाचणाऱ्यांची रांग ऐकणाऱ्यांपेक्षा लांब असते. मीही त्या रांगेत उभा होतो. माझ्या आधी वाचून गेलेल्यांतली एकही ओळ मला आठवत नाही, कारण मी मनातल्या मनात माझीच कविता घोळवत होतो.

मग २०२० आलं. टाळेबंदीत लोकल बंद झाल्या, संमेलनं फोनच्या पडद्यावर आली. रोज कुणी ना कुणी थेट प्रक्षेपण करत होतं. पहिले काही आठवडे बरं वाटलं. नागपूरचा, बडोद्याचा, अमेरिकेतला मराठी माणूस आपलं ऐकतोय याचं अप्रूप होतं. पुढे ऐकणाऱ्यांचा आकडा दिसायचा आणि वाचताना डोळा तिकडे जायचा. आकडा खाली आला की आवाज आपोआप चढायचा. माझ्या वाचनातला एक नाटकीपणा तेव्हाचा आहे आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

भाच्यानं पुढची पायरी सुचवली. "मामा, रील करू. पंधरा सेकंदांत बसेल अशी ओळ सांग." केळव्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनात, मावळतीला त्यानं मला चालवलं. मागे घोडागाडी, भज्यांच्या टपऱ्या, मुंबईहून आलेली कुटुंबं. रील पुष्कळांनी पाहिलं. खाली बऱ्याच जणांनी विचारलं, "राहायला रूम कुठे मिळेल?" मी तीन घरगुती निवासांचे नंबर देऊन टाकले. पुस्तकाबद्दल विचारणारा एक भेटला, त्याला ते फुकट हवं होतं.

याचं हसू येतं, पण यात एक गंभीर गोष्ट घडली. उमरोळीच्या आसपास ओळ सुचली की तिच्या पाठोपाठ प्रश्न यायला लागला: ही पंधरा सेकंदांत बसेल का? पुढे तर बसणारी ओळच सुचायला लागली. एमआयडीसीतला ड्रम कवितेत आला तो ऐवज म्हणून आला. प्रसिद्धी कवितेत शिरली ती मोजपट्टी होऊन. आत बसून तिनं मापं घ्यायला सुरुवात केली. कविता आटण्याचं कारण मला इथे सापडलं. वेळ नोकरीनंही खाल्ला, वाडीनंही खाल्ला, पण सुचण्याच्या जागेवर या दोघींनी कधी हात टाकला नव्हता.

याच काळात एक वेगळा अनुभव आला. वाढवण बंदराचा प्रश्न इथे जुना आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली, ऑगस्टच्या अखेरीस पालघरला भूमिपूजन झालं. किनाऱ्यावरची गावं ढवळून निघाली. ज्याच्या घरात होडी आहे तो एक बोलतो, ज्याच्या घरात बेकार पदवीधर आहे तो दुसरं. कवी म्हटल्यावर दोन्हीकडून मागणी आली: बंदरावर लिही. घोषणा मला जमत नाहीत. मी लिहिलं ते बोंबील सुकवायच्या बांबूंवर, वालाणीवर. कुणाच्या बाजूचं आहे हे लगेच कळणार नाही असं. ते मांगेला समाजातल्या एका ओळखीच्यानं माझ्याकडून घेतलं, कुठल्याशा सभेत वाचलं, आणि काही दिवसांनी फिरत फिरत डहाणूकडून माझ्याच फोनवर आलं. खाली नाव नव्हतं. दोन शब्द बदलले होते, त्यातला एक माझ्यापेक्षा चांगला होता.

माझी सगळ्यात लांबवर गेलेली कविता तीच. तिच्यासाठी मी पोस्टाची पायरीही चढलो नव्हतो. कुणाला तरी ती हवी होती म्हणून तो घेऊन गेला. आपटे, सोपानदेव, शहाणे यांनी केलं ते याच जातीचं काम होतं. कवीला मदत म्हणून कमी, आणि हे लोकांपर्यंत गेलं नाही तर आपल्याला चैन पडणार नाही म्हणून जास्त. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडलं तेव्हा एक मासिक गेलं, तसा असा एक अस्वस्थ वाचकही गेला. 'सत्यकथे'ची होळी करणारे तरुणही त्या मासिकाला इतकं गंभीरपणे घेत होते, की ते पेटवावंसं त्यांना वाटलं. 'ग्रंथाली'नं १९७५ पासून वाचक चळवळ म्हणून पुस्तकं शहरांबाहेर नेली, कोकण मराठी साहित्य परिषदेनं १९९१ पासून तालुक्यातालुक्यांत शाखा उभ्या केल्या. या कामांमुळेच माझ्यासारख्याला आपण लिहावं असं वाटलं, हे ऋण आहे. पण संस्था व्यासपीठ देते. दुसऱ्याचं पुस्तक खांद्यावर घेणारा माणूस संस्थेला तयार करता येत नाही. तो आपल्यातूनच निघावा लागतो, आणि सध्या आपण सगळे स्वतःचीच पुस्तकं घेऊन उभे आहोत.

म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी गावातल्या वाचनालयात एक बैठक सुरू केली. नियम एकच: स्वतःची कविता वाचायची नाही. पहिल्या महिन्यात कवी आले आणि नियम ऐकून निम्मे गेले. राहिले त्यांत एक निवृत्त मास्तर, पालघरच्या कॉलेजातल्या दोन मुली, माझ्या कंपनीतला एक कंत्राटी हेल्पर आणि एक पानाचे व्यापारी. हेल्परनं कोलटकर वाचले. चहावाला, झाडूवाली, कुत्री असल्या गोष्टींवर कविता करता येते हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं पुस्तक घरी नेलं आणि महिनाभर परत केलं नाही. वाचनालयात कवितेचं पुस्तक वेळेवर परत न आल्याची बहुधा ती पहिलीच नोंद असेल. व्यापाऱ्यांना बहिणाबाई तोंडपाठ निघाल्या. छापील पुस्तक त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

यातून मला एक गोष्ट उमगली. स्वतःचं पुस्तक पुढे करताना जीभ चाचरते. समोरचा घेईल का, सवलत मागेल का, नाही म्हणाला तर काय तोंड करायचं, असं सगळं त्या वाक्यात येऊन बसतं. दुसऱ्याचं पुस्तक देताना मी बिनदिक्कत सांगू शकतो, "हे वाच, नाही आवडलं तर मला येऊन भांड." वसईच्या कवींचे, जव्हारकडच्या एका तरुण मुलाचे संग्रह मी असे खपवले. त्यांच्या प्रकाशकांनी तेवढे खपवले नसतील. पिशवी तीच, गाडी तीच, फक्त आतली पुस्तकं बदलली. आणि पुस्तकं बदलल्यावर मला उमरोळीला पुन्हा ओळी सुचायला लागल्या. काही पंधरा सेकंदांत बसतात, काही बसत नाहीत, आणि मी मोजायचं सोडलं आहे.

दुसरा संग्रह करशील का, असं आता विचारतात. कविता जमल्या तर करीन. त्या आधी मात्र वाडीत पंप बसवायचा आहे. पहिल्या संग्रहाच्या प्रती अजून पलंगाखाली आहेत. त्या पोचवायचं काम मी स्वतःकडून काढून घेतलं आहे. जव्हारचा तो मुलगा परवा वीस प्रती घेऊन गेला, तिकडच्या आश्रमशाळांतल्या शिक्षकांना देतो म्हणाला. एवढ्या कशाला, असं मी विचारलं. "दादा, तुम्ही माझ्या किती नेल्या होत्या?" त्यानं उलट विचारलं आणि गठ्ठा मोटरसायकलला बांधला.